खांद्याची जुनी फाटलेली कंडरा व तिच्या ऱ्हासावरील उपाय

आपल्या मासिकांत धानावरील करपा, खोडकिडा, तुडतुडे यांविषयीं वेळोवेळीं लिहून येतें, व तें योग्यच आहे. परंतु ज्या खांद्याच्या बळावर हें पीक बांधींतून खळ्यावर व खळ्यावरून बाजारांत जातें, त्या खांद्याच्या रोगाविषयीं शेतकऱ्यांस समजेल असें कांहीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत फारसें आलें नाहीं. आमच्या कुडव्यांत व गोंदियाच्या आसपासच्या गांवांत पन्नाशी उलटलेल्या कर्त्या माणसांजवळ बसलें असतां पुष्कळांच्या तोंडून तीच तक्रार ऐकूं येते: हात डोक्यावर जात नाहीं, त्या कुशीवर निजवत नाहीं, आणि सदऱ्याच्या बाहींत हात घालतांना जीव कासावीस होतो. मग कोणी नस चढली म्हणून चोळून घेतो, कोणी इंजेक्शनें टोंचून घेतो, कोणी फोटो काढून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो, व कोणी कांहींच न करतां वर्षें दवडतो. यांपैकीं कोणास कोणता मार्ग योग्य, हें ठरविण्याची एक कसोटी आहे. ती वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. आम्ही डॉक्टर नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. परंतु किचकट कागद वाचून त्याचा मथितार्थ खातेदारास समजावून सांगणें हा आमचा जन्माचा व्यवसाय, आणि वैद्यकाचे कागद तलाठ्याच्या दप्तराहून फार अवघड असतात असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम सांध्याची रचना पाहूं. मांडीचा सांधा उखळींत मुसळ बसावें तसा खोल बसलेला असतो. खांद्याचें तसें नाहीं. येथें दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ बशीवर नुसता टेकलेला असतो. म्हणूनच हात चोहोंकडे फिरतो, व म्हणूनच तो सांधा नाजूकहि आहे. हा माथा बशीवर दाबून धरण्याचें काम चार लहान स्नायु करतात. ते खांद्याच्या फऱ्यापासून निघतात व दंडाच्या माथ्यास पुढून, वरून आणि मागून टोपीसारखे चिकटतात. स्नायूचें जें टोंक पांढऱ्या, चिवट दोरासारखें होऊन हाडांत रुजतें, त्यास कंडरा म्हणतात. लोक तिला सरसकट नस म्हणतात. पण नस वेगळी, कंडरा वेगळी. खांद्यावरचा जो मोठा, हातास लागणारा स्नायु आहे तो बैलासारखा हात वर ओढतो, आणि हे चार लहान स्नायु कासऱ्यासारखे त्यास वळणावर ठेवतात. कासरा तुटला तर बैलाचें बळ कायम असूनहि बंडी नीट चालत नाहीं. तसेंच येथें होतें. चारांपैकीं जो स्नायु अगदीं वरून, खांद्याच्या हाडाच्या छताखालून येतो, त्याची कंडरा सर्वांत अधिक वेळां फाटते.

ही कंडरा बहुधा एका दिवसांत तुटत नाहीं. नव्या दोराचे पेड जसे एकास एक लागून घट्ट वळलेले असतात, तसे तरुण कंडरेचे तंतु एका दिशेनें ओळीनें बसलेले असतात. वय वाढतें तशी ती ओळ मोडते, तंतु विस्कळित होतात, मधल्या जागेंत चिकट द्रव्य सांचतें, जिवंत पेशी कमी होतात, आणि कंडरा पातळ व ठिसूळ होते. यास सूज म्हणणें बरोबर नाहीं. ही झीज होय. म्हणून केवळ सूज उतरविणारीं औषधें खाऊन ती भरून येत नाहीं. झिजेस वय हें मुख्य कारण. त्यांत वर हात करून केलेलें जड काम, मधुमेह, तंबाखूचें व्यसन व घराण्याची प्रवृत्ति यांची भर पडते. आपल्या धंद्यांत पुंजणें रचतांना भारे वर फेकणें, सुपानें उपणणें, चाळीस किलोचे कट्टे ट्रॉलीवर चढविणें हीं सारीं कामें त्याच छताखालच्या कंडरेवर भार टाकणारीं आहेत. हा रोग नवा नव्हे. सुश्रुतसंहितेंत अवबाहुक नांवाचा खांद्याचा विकार सांगितला आहे, व त्यांत खांद्याचें बंधन सुकतें असें वर्णन आहे. पाश्चात्य देशांत बोस्टन येथील कॉडमन नांवाच्या शस्त्रवैद्यानें १९०९ सालीं अशी फाटलेली कंडरा प्रथम शिवली, व १९३४ सालीं खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

आतां एक गोष्ट अशी कीं, ती ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. जपानांत एका खेड्यांतील ६८३ लोकांचे दोन्ही खांदे ध्वनिलहरींच्या यंत्रानें, म्हणजे सोनोग्राफीनें, तपासण्यांत आले. त्याचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा सुमारें २१ खांद्यांत कंडरा आरपार फाटलेली आढळली. इतकेंच नव्हे, तर ज्या खांद्यांची कांहींच तक्रार नव्हती, त्यांतहि सुमारें सहांत एक फाटलेला निघाला. म्हणजे कंडरा फाटलेली असूनहि मनुष्य सुखानें काम करूं शकतो. फोटोंत फाट दिसली, एवढ्यावरून शेत गहाण टाकून शस्त्रक्रिया करण्याचें कारण नाहीं.

मग भय कशाचें? भय कंडरेपेक्षां तिच्या मागच्या स्नायूचें आहे. हीच आमच्या लेखांतील मुख्य गोष्ट असल्यामुळें ती थोड्या विस्तारानें सांगतों. कंडरा हाडापासून सुटली म्हणजे ओढलेला रबर सुटावा तसा स्नायु मागें सरकतो, आखूड होतो, व त्यास ओढावयास कांहीं न उरल्यामुळें रोडावतो. बांधी पडीत पडली कीं पहिल्या वर्षीं तरोटा, दुसऱ्या वर्षीं झुडपें, आणि पुढें पळसाचीं खोडें उभीं राहतात. पहिल्या वर्षीं नांगर घातला तर जमीन पुनः पिकते, पण उशीर झाला तर नांगराचें काम राहत नाहीं. स्नायूचें अगदीं तसेंच आहे. रिकाम्या पडलेल्या स्नायूच्या धाग्यांमध्यें चरबी शिरूं लागते. फ्रान्समधील गुटालिये या वैद्यानें १९९४ सालीं या चरबीचे पांच दर्जे ठरविले. शून्य म्हणजे चरबी मुळींच नाहीं. एक म्हणजे थोड्या रेघा. दोन म्हणजे चरबी आहे, पण स्नायु अधिक. तीन म्हणजे दोन्ही समसमान. चार म्हणजे चरबीच अधिक. आणि पुढें अनुभवास आलें तें असें कीं, एकदां शिरलेली चरबी, कंडरा नीट शिवून जुळली तरीहि, सहसा मागें हटत नाहीं. म्हणून हा दर्जा म्हणजे त्या खांद्याचा सातबारा होय. एम्.आर्.आय्.च्या अहवालांत तो लिहिलेला असतो, किंवा डॉक्टरांस विचारल्यास ते चित्र पाहून सांगतात. साध्या क्ष-किरणांच्या फोटोंत हाड दिसतें, कंडरा दिसत नाहीं. सोनोग्राफींत फाट चांगली दिसते. पण चरबीचा नीट अंदाज एम्.आर्.आय्.मध्येंच येतो.

यावरून दोन निरनिराळीं प्रकरणें होतात, व तीं एकाच फाइलींत ठेवणें हीच लोकांची मोठी चूक आहे.

पहिलें प्रकरण ताज्या फाटीचें. खांदा आजवर चांगला होता. मनुष्य बंडीवरून पडला, धुऱ्यावर पाय घसरून हातावर आदळला, किंवा म्हशीनें दोर हिसकला. खांद्यांत कट्कन् आवाज झाला व त्या दिवसापासून हात उचलेना. दुसऱ्यानें उचलून दिला तर वर जातो, सोडला कीं गळून पडतो. अशा मनुष्यानें थांबूं नये. पंधरा दिवसांच्या आंत अस्थिरोगाच्या डॉक्टरास दाखवून सोनोग्राफी किंवा एम्.आर्.आय्. करावा, आणि कंडरा आरपार तुटली असल्यास व मनुष्य काम करणारा असल्यास, शिवण्याचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांच्या आंत व्हावा. स्नायु तोंपर्यंत फार आखूड झालेला नसतो व चरबीहि फारशी शिरलेली नसते. अपिलास जशी मुदत असते तशी येथेंहि आहे, व ती संपल्यावर कितीहि मोठा वकील केला तरी पहिल्यासारखा निकाल मिळत नाहीं. आमच्या परिचयाचे एक शेतकरी मृगांत बंडीवरून पडले. रोवणी उरकूं द्या, मग कापणी उरकूं द्या, असें करतां करतां ते डॉक्टरांकडे गेले तेव्हां संक्रांत उलटली होती. फऱ्यावरचा मांसल भाग खोल गेलेला डोळ्यांस दिसत होता. त्या एका हंगामांत जी मजुरी वांचली, तिच्या अनेकपट मजुरी ते तेव्हांपासून दरसाल गड्यांस देत आहेत.

दुसरें प्रकरण जीर्ण फाटीचें. येथें पडणें नाहीं, आपटणें नाहीं; दुखणें वर्षानुवर्षें वाढत आलें, आणि तपासणींत फाट निघाली. अशा ठिकाणीं घाई करण्याचें कारण नाहीं. प्रथम तीन महिने व्यायाम. हें आम्ही ऐकीव गोष्टीवरून म्हणत नाहीं. अमेरिकेंत अशा ४५२ रुग्णांस ठराविक व्यायाम देण्यांत आला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत दोन वर्षांनीं त्यांपैकीं चतुर्थांशाहूनहि कमी लोकांस शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. फिनलंडांत पंचावन्न वर्षांवरील लोकांच्या १८० खांद्यांचे तीन गट केले: एकास केवळ व्यायाम, दुसऱ्यास व्यायाम व वरचें हाड तासणें, तिसऱ्यास त्यांखेरीज कंडरा शिवणें. वर्षानें व दोन वर्षांनीं तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक आढळला नाहीं. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. नॉर्वेंत लहान व मध्यम फाटीच्या १०३ रुग्णांची दहा वर्षें नोंद ठेवली गेली, आणि तेथें दहाव्या वर्षीं शिवलेल्यांची स्थिति अधिक चांगली दिसली. आमच्या मतें याचा अर्थ असा: साठीपुढील ज्यास हलकें काम करावयाचें आहे त्यानें व्यायामावर भागवावें, पन्नाशीच्या आंतील ज्यास अजून वीस वर्षें राबावयाचें आहे, व ज्याच्या स्नायूंत चरबी अजून पहिल्या-दुसऱ्या दर्जाची आहे, त्यानें तीन महिन्यांत गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, आणि व्यायाम चालू असतां फाट वाढते कीं काय हें वर्षानें एकदां सोनोग्राफींत पाहावें.

व्यायाम म्हणजे काय, तें सांगतों. त्यास दवाखान्यांतील यंत्रें लागत नाहींत. २०२१ सालीं ब्रिटनमध्यें खांद्याच्या कंडरेचें दुखणें असलेल्या ७०८ लोकांवर प्रयोग झाला. त्यांत एकदांच नीट समजावून देऊन घरीं करावयास सांगितलेला व्यायाम व वारंवार बोलावून करवून घेतलेला व्यायाम यांच्या फळांत विशेष अंतर पडलें नाहीं. दर आठवड्यास नागपूरची वारी करणें ज्यांस शक्य नाहीं त्यांस ही मोठी सोयीची गोष्ट आहे. एकदां फिजिओथेरपिस्टाकडून पद्धत शिकावी व पुढें घरीं नेमानें करावें.

पहिला महिना हात मोकळा करण्याचा. पाठीवर निजून दोन्ही हातांत तुतारीची काठी आडवी धरावी, व चांगल्या हाताच्या जोरानें दुखरा हात हळूहळू डोक्याकडे न्यावा. भिंतीशीं उभें राहून बोटांनीं पायरी पायरी वर चढावें. दोन्ही फरे पाठीमागें एकमेकांकडे ओढून पांच अंक मोजेपर्यंत धरावे. पुढें बळ आणण्याचा भाग. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दाराच्या कडीस बांधावी, कोपर काटकोनांत वांकवून कुशीशीं टेकवावें, मध्यें घडी केलेला पंचा धरावा, आणि पट्टी प्रथम पोटाकडे व मग बाहेरच्या बाजूस सावकाश ओढावी. दहा-दहा वेळां, दिवसांतून दोनदां, इतकें पुरें. ज्यांची फाट फार मोठी असून हात उचलतच नाहीं, अशा वृद्धांनीं मोठा स्नायु तयार करावा. पाठीवर निजून दुसऱ्या हाताच्या मदतीनें दुखरा हात उभा करावा. तो स्थिर राहूं लागला कीं मदत सोडावी. मग हातांत लहानसा तांब्या धरावा. आणि पुढें उशा वाढवीत वाढवीत अर्धवट बसून, शेवटीं पूर्ण बसून तेंच करावें. यास तीन महिने लागतात, व पहिल्या तीन आठवड्यांत कांहींच फरक दिसत नाहीं. पुष्कळ जण तेथेंच सोडून देतात. व्यायामानंतर थोडें दुखलें व दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलें तर चिंता नाहीं. सकाळींहि तसेंच राहिलें तर दुसऱ्या दिवशीं निम्मे करावें. या व्यायामानें कंडरेची फाट सांधत नाहीं, हें स्पष्ट सांगणें बरें. उरलेले कासरे बळकट होतात व बंडी चालूं लागते, एवढेंच.

येथें एक सूचना. ज्याचा हात दुसऱ्यानेंहि उचलून वर जात नाहीं, त्यास बहुधा खांदा आखडण्याचा रोग असतो; तो मधुमेहाच्या लोकांस फार होतो व त्याचा मार्ग वेगळा आहे. तसेंच मुंग्या बोटांपर्यंत जात असतील तर मूळ मानेंत असण्याचा संभव आहे.

आतां इंजेक्शनांविषयीं. स्टेरॉइडचें एखादें इंजेक्शन दुखणें कांहीं आठवडे कमी करतें. झोंप लागते, व्यायाम करतां येतो, एवढा त्याचा उपयोग खरा. परंतु वर सांगितलेल्या ब्रिटनच्या प्रयोगांत वर्षाअखेर त्याचा लाभ उरलेला दिसला नाहीं, आणि वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांनीं झिजलेली कंडरा अधिक कमकुवत होते. मधुमेह असेल तर साखर चढते; आणि पुढें लवकरच शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर जखमेंत पू होण्याचा धोका वाढतो. दर रोवणीस एक टोंचून घेऊन काम रेटणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ते दुखण्याचें तोंड बांधतात, झीज चालूच राहते. स्वतःच्या रक्तांतील बिंबाणू काढून टोंचण्याचा नवा उपचार निघाला आहे. त्याचा निर्वाळा अद्यापि संमिश्र आहे. मूळपेशींच्या नांवानें मोठ्या रकमा मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावें. त्यानें जुनी कंडरा नवी होते असें कोठेंहि सिद्ध झालेलें नाहीं.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिजकडून काय अपेक्षा करावी? दुर्बिणीनें लहान छिद्रांतून कंडरेचें टोंक ओढून आणतात व हाडांत खुंट्या बसवून त्यांस दोऱ्यानें बांधतात. फाट लहान व स्नायु चांगला असेल तर ती बहुधा जुळते. मोठी व जुनी असेल तर तशी खात्री नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंतील एका वृत्तांतांत मोठ्या फाटीच्या १८ रुग्णांपैकीं १७ जणांची कंडरा शिवल्यानंतर पुनः सुटलेली आढळली. चमत्कार असा कीं, तरीहि त्यांपैकीं बहुतेकांचें दुखणें पुष्कळ कमी झालें होतें. झिजलेल्या कापडास टांका धरत नाहीं, तोच हा प्रकार. म्हणून पातळ कंडरेवर गुरांच्या कंडरेपासून तयार केलेलें ठिगळ घालण्याची पद्धत निघाली आहे. ज्यांस धर्मदृष्ट्या तें नको असेल त्यांनीं आधींच विचारून घ्यावें. कंडरा पूर्ण फाटलेली नसतां नुसतें वरचें हाड तासून घेण्यांत विशेष लाभ नाहीं, असें २०१८ सालच्या ब्रिटनमधील प्रयोगांत दिसलें. फाट शिवण्याजोगी नसल्यास सांध्यांत फुगा बसविण्याची एक रीत निघाली होती. तेथेंच २०२२ सालीं फुगा बसविलेल्यांपेक्षां न बसविलेल्यांची स्थिति बरी आढळली. कोणी म्हणेल, सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर २००६ च्या मार्चांत लंडन येथें शस्त्रक्रिया झाली व सप्टेंबरांत क्वालालंपूर येथें त्यांनीं शतक ठोकलें, मग आमचेंच कां होणार नाहीं? त्यांचें वय तेव्हां तेहतिशीच्या आसपास होतें. बत्तिशी-तेहतिशीचा खांदा व साठीचा, तंबाखूवर पोसलेला खांदा यांची बरोबरी करूं नये.

तंबाखूचा उल्लेख सहज केला नाहीं. बिडीच्या धंद्यानें आपलें शहर नांवारूपास आलें, हें आम्हांसहि ठाऊक आहे. परंतु बिडीच्या धुरानें व खर्ऱ्यांतील तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि आधींच रक्त कमी असलेल्या कंडरेस तें बाधतें. शिवलेली कंडरा जुळावी असें वाटत असेल तर महिनाभर आधीं व तीन महिने मागाहून दोन्ही बंद ठेवावींत. साखरहि ताब्यांत आणावी.

चरबीचा दर्जा तीन-चार असून हात उचलत नाहीं व वय सत्तरीकडे आहे, अशांसाठीं उलटा सांधा बसवितात. फ्रान्समधील दिजों येथील ग्रामाँ यांनीं १९८५ च्या सुमारास तो काढला. त्यांत बशीच्या जागीं गोळा व गोळ्याच्या जागीं बशी बसवितात; त्यामुळें लहान स्नायु नसले तरी मोठ्या स्नायूच्या बळावर हात वर जातो. दुखणें थांबतें, जेवणखाण, वेणीफणी, स्नान होतें. परंतु त्या हातानें कट्टा उचलावयाचा नाहीं, जन्मभर.

जीर्ण फाटीच्या शस्त्रक्रियेचा काळ शेतकऱ्यानें आपल्या पंचांगाप्रमाणें निवडावा. चार ते सहा आठवडे हात झोळींत, तीन महिने वजन नाहीं, व जड काम सहा महिन्यांनीं, असा साधारण हिशेब आहे. कापणी व चुरणे उरकून डिसेंबरांत करून घेतली तर मृगापर्यंत सहा महिने भरतात. उन्हाळी धान घेणाऱ्यांनीं त्या वर्षापुरती ती बांधी मक्त्यानें द्यावी. ताज्या फाटीस मात्र हें पंचांग लागू नाहीं.

खर्चाची व्यवस्था आधीं पाहावी. गोंदियाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून चालू आहे, व नागपुरास मोठीं शासकीय रुग्णालयें आहेत. प्रथम तेथें दाखवावें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत बसणाऱ्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. आपली ठराविक शस्त्रक्रिया तींत येते कीं नाहीं व खुंट्यांचा खर्च कोणी द्यावयाचा, हें त्यास दाखल होण्यापूर्वीं विचारावें. शिधापत्रिका, आधार व जुने सर्व अहवाल बरोबर न्यावे. आणि डॉक्टरांस तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्या: फाट किती लांब आहे, कंडरा किती मागें सरकली आहे, व स्नायूंत चरबी कोणत्या दर्जाची आहे.